घरच्या कॅलेंडरातून वार गायब होतोय (आणि चंद्र तीन आहेत)

कंदीलवाला (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री ११.२०

मंडळी, दीड वर्ष चाललेल्या रोलप्लेइंग कॅम्पेनसाठी (कल्पित जगातली सलग साहसकथा, सेशनमागून सेशन खेळायची) स्वतःचं कॅलेंडर बनवलं आणि आता ते माझ्याच गळ्यात आलंय. खेळ पूर्ण ऑनलाइन, फाउंड्रीवर (असे खेळ ऑनलाइन खेळायचं सॉफ्टवेअर), पाच खेळाडू, दर बुधवारी. आधी कॅलेंडर सांगतो, मग रडगाणं.

वर्ष ३७२ दिवसांचं. १२ महिने, प्रत्येकी ३१ दिवस. आठवडा ८ दिवसांचा (निदान माझ्या जगात तरी आठवड्याला त्याच्या नावातला आठवा दिवस मिळाला). दर पाच वर्षांनी वर्षाच्या शेवटी एक जादा दिवस. तो कुठल्याच महिन्यात नाही आणि त्याला वारही नाही. चंद्र तीन: धाकटा २३ दिवसांचा, मधला साडेसदतीस, थोरला १०१. कॅम्पेन सुरू झालं तो दिवस शून्य, तिथून पुढे मोजणी.

सगळं आधी स्प्रेडशीटमध्ये मांडलं, नीट चाललं. मग चॅटमध्ये रोजची तारीख आपोआप यावी म्हणून तेच गणित स्क्रिप्टमध्ये टाकलं. गेल्या बुधवारी फ्लॅशबॅक खेळलो, ४० वर्षं मागे, आणि वाराच्या जागी आलं "अनडिफाइन्ड". गंमत अशी की दर आठ दिवसांतून एकदा वार बरोबर येतो. शीटमध्ये त्याच तारखा टाकल्या तर सगळेच वार बरोबर!

दुसरं दुखणं: पहिल्याच सेशनला एका म्हातारीच्या तोंडून वदवलं होतं, "तिन्ही चंद्र एका रात्री पूर्ण होतील तेव्हा दार उघडेल." ती रात्र कधी येते ते शोधतोय, सापडत नाही.

तिसरं: माझ्या एकाही खेळाडूला आजची तारीख सांगता येत नाही. महिन्यांची नावं ठरवायला मी तीन शनिवार-रविवार घालवले होते हो.

शून्यापासून · शुक्रवार, रात्री ११.५२

पहिल्या दुखण्याचं निदान सोपं आहे. शीटमधलं मॉड (बाकी काढायचं सूत्र) भाजकाचं चिन्ह पाळतं, म्हणून उणे १ ला ८ ने भागल्यावर बाकी ७ येते. तुमची स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये, तिथे बाकी काढणारं टक्क्याचं चिन्ह भाज्याचं चिन्ह पाळतं, तिथे उत्तर उणे १. तुमच्या वारांच्या यादीत ० ते ७ असे आठ खण आहेत. उणे एक नावाचा खणच नाही, मग अनडिफाइन्ड येणारच. आठाने पूर्ण भाग गेला की बाकी शून्य, तेवढ्यापुरता वार सापडतो. उपाय: बाकी काढा, तीत ८ मिळवा, पुन्हा ८ ची बाकी काढा. झालं.

वर्ष काढताना भागाकार करत असाल तिथेही बघा. दशांश तोडणं वेगळं आणि खालच्या पूर्णांकावर उतरणं वेगळं. उणे ०.३ तोडलं की शून्य, खाली उतरवलं की उणे १. कॅम्पेनच्या आदल्या दिवशीचं वर्ष चुकत असेल तर कारण हेच.

आता न विचारलेला सल्ला. दिवस शून्य कॅम्पेनच्या सुरुवातीला ठेवलात हीच मूळ चूक. खेळाडू फ्लॅशबॅक मागणार, थडग्यावर तारीख कोरलेली सापडणार, एखादा एल्फ आपलं बालपण सांगत बसणार. शून्य इतकं मागे न्या की त्यामागे कुणी जाणारच नाही. खगोलशास्त्रज्ञ हेच करतात. स्कॅलिजरने १५८३ मध्ये ७९८० वर्षांचं एक चक्र मांडलं (२८ गुणिले १९ गुणिले १५, ही त्या काळी वापरात असलेली तीन चक्रं) आणि त्याची सुरुवात इ.स.पू. ४७१३ ला येते. लिखित इतिहासातल्या तारखा त्याच्या अलीकडेच पडतात, म्हणून उणे आकड्यांशी झटापट नाही. त्यावरूनच पुढे सलग दिवसांची मोजणी आली. १ जानेवारी २००० ची दुपार म्हणजे त्या मोजणीत २४,५१,५४५. एकच आकडा. महिना नाही, वार नाही, लीप नाही.

तुमच्या जगातही खरा काळ म्हणजे तो एकच आकडा. महिना, वार, चंद्राची कला, राजाच्या राजवटीचं वर्ष, ही सगळी त्याला चढवलेली कापडं. साठवायचा आकडा, दाखवायचं कापड. तारीख "महिना ४, दिवस १७" अशी साठवलीत तर पुढे महिन्याची लांबी बदलली की सगळी जुनी नोंदवही फुकट.

शून्यापासून · शनिवार, रात्री १२.०८

एक राहिलंच. तुमच्या जादा दिवसात दोन खड्डे आहेत.

पाच वर्षांचा गठ्ठा म्हणजे १८६१ दिवस. गठ्ठ्यातला शेवटचा दिवस शून्यापासून मोजला तर १८६० वा. त्याला ३७२ ने भागलं की येतं ५. पण गठ्ठ्यातली वर्षं ० ते ४. म्हणजे जादा दिवस गुपचूप पुढच्या वर्षाचा पहिला दिवस होऊन बसतो. भागाकार ५ आला तर ४ वर थांबवायचं, ही एक ओळ हवीच. ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे, वेगवेगळ्या वर्षी, त्याच उत्साहात.

दुसरा खड्डा: जादा दिवसाला वार नाही, मग वार थेट दिवसाच्या आकड्यावरून काढता येत नाही. आधी तोवर होऊन गेलेले जादा दिवस वजा करा, मग आठाची बाकी. फाउंड्रीचं तयार मॉड्यूल वापरणार असाल तर सिंपल कॅलेंडरमध्ये महिन्याला "इंटरकॅलरी" (नेहमीच्या महिन्यांबाहेरचा) अशी खूण करता येते, एका दिवसाचा महिना करून त्यात हा दिवस ठेवायचा.

आणि शून्य मागे नेताना सावध. फाउंड्री काळ सेकंदांत मोजतं. जावास्क्रिप्टचा आकडा दोनाच्या ५३ व्या घातापर्यंत अचूक राहतो, तुमच्या वर्षाच्या हिशेबात ती २८ कोटी वर्षं झाली, चिंता नाही. पण दशांश तोडायला कुणी उभी रेघ आणि शून्य ही युक्ती वापरली असेल तर आकडा ३२ बिटांत कोंबला जातो. मर्यादा २,१४,७४,८३,६४७ सेकंद, म्हणजे २४,८५५ दिवस, तुमची जेमतेम ६७ वर्षं. त्यानंतर काळ उलटा उणे होतो.

सावळागोंधळ · शनिवार, सकाळी ९.१५

धागा उघडला तेव्हा वाटलं ड्रॅगन मारायचाय. इथे तर लसावि मसावि चाललंय. तेरावा महिना नाही एवढंच नशीब, नाहीतर दुष्काळही आणावा लागला असता.

जुनी_वही · शनिवार, सकाळी १०.४०

लसाविचं नाव निघालंच आहे तर चंद्रांकडे वळते.

साडेसदतीसमुळे अर्ध्या दिवसांत मोजू: ४६, ७५ आणि २०२. लसावि ३,४८,४५० अर्धे दिवस, म्हणजे १,७४,२२५ दिवस. तुमच्या वर्षांत ४६८. तिन्ही चंद्र आज एका क्षणी पूर्ण असतील तर पुन्हा तसा क्षण ४६८ वर्षांनी. तुमच्या म्हातारीला हे ठाऊक असणार, म्हणूनच ती इतकी निवांत बोलली.

२३ आणि १०१ हे मूळ आकडे आहेत. कागदावर फार गूढ दिसतात, पण कशाशीच जमवून घेत नाहीत. ज्यांनी हे काम आधी केलं त्यांचे आकडे बघा, डंजन्स अँड ड्रॅगन्सची तीन तयार जगं. ग्रेहॉकमध्ये २८ दिवसांचे १२ महिने आणि मध्ये ७ दिवसांचे चार उत्सव-आठवडे, एकूण ३६४. सातने पूर्ण भाग जातो, म्हणून दर वर्षी त्याच तारखेला तोच वार. मोठा चंद्र २८ दिवसांचा, वर्षाला बरोबर १३ फेऱ्या. छोटा ९१ दिवसांचा, बरोबर चार. एका वर्षाचा तक्ता काढला की कायमचा. जीएमला (खेळ चालवणाऱ्याला) पुन्हा गणित करावंच लागत नाही.

ड्रॅगनलान्समध्ये चंद्र तीन, ३६, २८ आणि ८ दिवसांचे. लसावि ५०४. दीडेक वर्षात एकदा तिघं एकत्र. कॅम्पेनमध्ये एकदा तरी नक्की दिसेल, पण दर महिन्याला दिसून स्वस्त होणार नाही, असा तो आकडा आहे.

फरगॉटन रेल्म्सची तऱ्हा तिसरी. ३० दिवसांचे १२ महिने, त्यांच्या मध्ये पेरलेले ५ सुटे दिवस, दर चार वर्षांनी आणखी एक. चार वर्षांचे १४६१ दिवस होतात आणि चंद्राची फेरी ३०.४३७५ दिवसांची. गुणून बघा, १४६१ मध्ये बरोबर ४८ फेऱ्या. आकडा वेडावाकडा दिसतो, पण मुद्दाम बसवलेला आहे.

तुमच्यासाठी दोन वाटा. एक, "पूर्ण" या शब्दाला ढील द्या. पूर्ण दिसणारा चंद्र एका क्षणापुरता नसतो, आदल्या आणि दुसऱ्या रात्रीही डोळ्याला तो पूर्णच वाटतो. प्रत्येकाला तीन रात्री दिल्या तर तिघं एकत्र येणारी रात्र सरासरी ३,२२६ दिवसांत एकदा, साधारण साडेआठ-नऊ वर्षांनी. दोन, चंद्र कुठल्या दिवशी कुठल्या कलेत होता हे तुम्हीच ठरवलंय. तो आकडा सरकवा. वेग तोच ठेवायचा, सुरुवात बदलायची. भविष्यवाणी हवी तेव्हा खरी होईल.

कंदीलवाला · शनिवार, दुपारी १.०५

४६८! आणि मी पुढच्या आठवड्यात सापडेल म्हणून एकेक दिवस तपासत बसलो होतो. काखेत कळसा.

सरकवायची कल्पना पटली, पण धाकट्या चंद्राला हात लावता येणार नाही. टेबलावर (म्हणजे आमच्या गटात) एक लांडगामानव आहे, त्याच्या पौर्णिमा सगळ्यांच्या डोक्यात बसल्यात. थोरल्याकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही. त्याला सरकवतो.

अधांतरी · शनिवार, दुपारी ३.३०

मी जरा विरोधात बोलतो. हे सगळं कशासाठी? खऱ्या जगातलंच कॅलेंडर घ्या, महिन्यांची नावं बदला, मोकळे व्हा. खेळाडूला "फेब्रुवारीसारखा" म्हटलं की थंडी कळते, "आठव्या महिन्याचा सतरावा" म्हटलं की काहीच कळत नाही. नाकापेक्षा मोती जड झालाय.

माणसं नवीन कॅलेंडर स्वीकारत नाहीत हो. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये आणलंच होतं. ३० दिवसांचे १२ महिने, १० दिवसांचा आठवडा, शेवटी ५ किंवा ६ सुटे दिवस. सातातल्या एका सुट्टीऐवजी दहातली एक मिळाल्यावर लोक खूश कसे होतील? १ जानेवारी १८०६ पासून गुंडाळलं. मागे सरकारचा दंडुका असून ही गत. तुमच्या मागे काय आहे? दर बुधवारचे तीन तास.

फारच हौस असेल तर २८ दिवसांचे १३ महिने आणि एक सुटा दिवस. दर महिन्याची १ तारीख एकाच वाराला. कोडॅक कंपनीने हे आपल्या अंतर्गत हिशेबासाठी १९२८ ते १९८९ चालवलं. म्हणजे चालू शकतं, फक्त पगार देणारी कंपनी मागे असावी लागते.

सावळागोंधळ · शनिवार, दुपारी ३.३४

आला! आला तेरावा महिना! दुष्काळ कोण घेऊन येतंय?

घुबड · शनिवार, रात्री ८.५०

मी जीएम नाही, नुसती खेळाडू. चार वर्षं तीन वेगवेगळ्या टेबलांवर. त्यामुळे तिसऱ्या दुखण्याबद्दल मीच बोलायला हवं.

कंदीलवाला, नावं सांगा बरं तुमच्या महिन्यांची.

कंदीलवाला · शनिवार, रात्री ८.५८

अरुणमास, अर्कमास, अग्निमास, अनिलमास, अंबुमास, अभ्रमास... प्रत्येक महिना एकेका तत्त्वाचा आहे, आणि त्यांच्यामागे एक पुराणकथा आहे.

घुबड · शनिवार, रात्री ९.३०

बघा! सगळी अ वरून, सगळ्यांना मास. मी हेडफोन लावून बसलेय, एका खिडकीत मॅप, दुसरीत कॅरेक्टर शीट, कुणाचा तरी माइक खरखरतोय, आणि तुम्ही म्हणता "आज अनिलमासाची २३". मला फक्त "मास" ऐकू आलं. पुराणकथा सुंदर असेलच, पण ती माझ्यापर्यंत पोचायच्या आत इनिशिएटिव्ह (मारामारीतला पाळीक्रम) लागलंय.

नाव छोटं हवं, पहिलं अक्षर प्रत्येकाचं वेगळं हवं आणि ऐकताच हवा कळायला हवी. कोंब, ऊन, पूर, कणीस, धुकं, राख, हिम. अधांतरींनी फ्रेंचांना हसण्यावारी नेलं, पण महिन्यांची नावं त्यांनी झकास दिली होती. ब्रुमेअर धुक्याचा, नीव्होज बर्फाचा, थर्मिदोर उन्हाचा. "पूर लागायच्या आत घाट ओलांडू" हे वाक्य मी टेबलावर आपोआप बोलेन. "अंबुमासापूर्वी" असं कधीच बोलणार नाही.

आता खरी गोष्ट. मला तारीख लक्षात राहत नाही, मुदत राहते. एका टेबलावर जीएमने सांगितलं, सरदाराचं लग्न सहा दिवसांनी आहे आणि तुम्ही १३० मैलांवर आहात. साध्या चालीने दिवसाला २४ मैल, म्हणजे साडेपाच दिवस. हातात अर्धा दिवस शिल्लक. चॅटच्या वर सहा चौकोनांची पट्टी पिन केली होती, रोज एक चौकोन काळा व्हायचा. बाकी काही नाही. त्या चार सेशन्समध्ये आम्ही जेवढे भांडलो तेवढे कधीच भांडलो नाही. नदीवर थांबून जखमी क्लेरिकला लाँग रेस्ट (आठ तासांची विश्रांती) द्यायची की तसंच दामटायचं? आठ तास म्हणजे एका चौकोनाचा तिसरा हिस्सा! एरवी लाँग रेस्ट म्हणजे एक बटण असतं हो. त्या पट्टीमुळे ती किंमत झाली.

लग्नाची तारीख काय होती? मला आजही माहीत नाही. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा अर्धा चौकोन पांढरा होता, ते मात्र पक्कं लक्षात आहे.

तेव्हा माझं मागणं एवढंच: सेशनच्या सुरुवातीला एक ओळ. महिना, दिवस, कुठला चंद्र डोक्यावर आहे, आणि कशाला किती दिवस उरले. शेवटचं नसेल तर पहिली तीन मला नकोत.

फासेफेक्या · रविवार, सकाळी ११.१०

घुबडताईंना +१. धागा वाचनखुणेत साठवला.

एकाच टेबलाच्या कॅलेंडरवर एवढी चर्चा झाली, तर आमची व्यथाही ऐका. एक जग, दोन टेबलं. शनिवारचा गट आणि मंगळवारचा गट, गाव तेच, एनपीसी (जीएमने चालवलेली पात्रं) तेच. तीन महिन्यांत शनिवारवाले दिवस २१२ वर पोचले आणि मंगळवारवाले १९० वरच, कारण ते प्रत्येक दरवाजाशी अर्धा तास बोलतात. शनिवारवाल्यांनी दिवस २०० ला पूल जाळला. मंगळवारवाले १९५ ला त्यावरून गेले तर हरकत नाही. पण १९० ला त्यांनी त्या व्यापाऱ्याला मारलं, ज्याच्याकडून शनिवारवाल्यांनी २०५ ला घोडे घेतलेत. आता ते घोडे कुणाचे?

खूप वाद घालून तीन गोष्टी ठरवल्या. प्रत्येक गटाचा दिवसांचा आकडा स्वतंत्र, कॅलेंडर एकच. प्रत्यक्ष खेळलं गेलं ते घडलं, मग ते पुढच्या दिवशीचं असलं तरी. मागे असलेल्या गटाने त्याला धक्का लावायचा नाही. (व्यापारी जखमी होऊन पळाला, असं मागाहून ठरवलं. घोडे वाचले.) आणि दोन गटांतलं अंतर १६ दिवसांच्या वर जाऊ द्यायचं नाही. तेवढं झालं की मागच्यांना डाउनटाइम, म्हणजे मोहिमेविना जाणारे दिवस: हत्यारं बनवा, ग्रंथालयात बसा, भाषा शिका. मागचे पुढे सरकतात आणि त्यांना पदरात काहीतरी पडतं, म्हणून कुरकुर नाही.

हे दुखणं नवीन नाही. ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये खेळाच्या जनकांपैकी एक, गायगॅक्स, काळाच्या काटेकोर नोंदींबद्दल अक्षरशः ओरडून लिहितो, आणि खेळ चालू नसताना खरा एक दिवस म्हणजे खेळातला एक दिवस धरा असं सुचवतो. आज ते वाचून लोकांना अतिरेक वाटतो. त्याच्या टेबलावर एकाच जगात अनेक गट ये-जा करायचे हे लक्षात घेतलं की वाटत नाही. फक्त टायपून खेळणाऱ्यांनी मात्र तो नियम उचलू नये. दहा राउंडची मारामारी खेळातला एक मिनिट असते, टायपून ती तीन आठवडे चालते. तेवढ्यात बाहेर जग तीन आठवडे पुढे गेलं तर मारामारी कशासाठी चालली होती तेच विसरायला होईल.

अधांतरी · रविवार, दुपारी १२.२५

घुबडताईंची सहा चौकोनांची पट्टी माझ्याच बाजूची साक्ष आहे हे नोंदवतो. तिला महिनेही लागले नाहीत आणि चंद्रही नाहीत.

जुनी_वही · रविवार, दुपारी २.००

अधांतरी, मुदतीपुरतं मान्य. पण विचित्र कॅलेंडरचा एक उपयोग पट्टी करू शकत नाही: त्यात पुरावा लपवता येतो.

खऱ्या जगातच बघा. १५८२ मध्ये कॅथलिक देशांत ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. ब्रिटनने ते मानायला १७५२ साल उजाडवलं, तिथे २ सप्टेंबरनंतर १४. मधली १७० वर्षं समुद्राच्या दोन तीरांवर एकाच दिवशी दोन तारखा. स्वीडनची कथा तर अफाट. त्यांनी ठरवलं एकदम उडी नको, १७०० पासून चाळीस वर्षं लीप दिवस गाळत हळूहळू जाऊ. १७०० चा गाळला, १७०४ आणि १७०८ चा गाळायचं राहून गेलं. आता त्यांची तारीख ना शेजाऱ्यांशी जुळे ना जुन्याशी. शेवटी वैतागून मागे फिरले आणि १७१२ मध्ये फेब्रुवारीला ३० तारीख दिली.

आता खेळात आणा. दोन राज्यं, सलग दिवसांचा आकडा एकच, कापडं दोन, मध्ये ११ दिवसांचा फरक. खुनाच्या जागी सापडलेल्या पत्रावर ९ तारीख, आणि संशयित म्हणतो मी २० ला पोचलो. खेळाडूंनी एकदा जरी सीमेवरच्या नाक्यावर "इथे आज वेगळी तारीख आहे" हे ऐकलं असेल, तर कुणीतरी तीन सेशननंतर दचकून उठतं. ते दचकणं बघायला मी दोन कॅलेंडरं आनंदाने सांभाळेन. मी एकदा हा डाव मांडला होता. पकडायला त्यांना पाच सेशन लागले आणि तोवर भलताच माणूस फासावर गेला होता.

अवांतर: तेराव्या महिन्याची एवढी चेष्टा चाललीये म्हणून सांगते, अधिक मासाची रीत खेळासाठी मोठी कामाची आहे. १९ वर्षांत ७ जादा महिने हे ठरीव चक्र झालं, ग्रीकांनाही ते ठाऊक होतं. पंचांगात मात्र मोजणी नाही, अट आहे: ज्या चांद्रमासात सूर्य नवीन राशीत शिरत नाही तो अधिक. म्हणजे कॅलेंडर आकाशाकडे बघून ठरतं. तुमच्या जगात हे ठरवणारं देऊळ असेल, आणि त्या देवळाला लाच देता येत असेल, तर बघा कर किती महिन्यांचा वसूल होतो.

शून्यापासून · रविवार, दुपारी २.२०

"एक आकडा, दोन कापडं." फ्रेम करून लावतो.

कंदीलवाला · २३ दिवसांनंतर (धाकट्या चंद्राची एक फेरी)

मंडळी, अहवाल.

मॉड दुरुस्त केलं. शून्य ३,००० वर्षं मागे नेलं, फक्त खेळाडूंना दिसणारा कॅम्पेनचा दिवस तसाच ठेवला. उभी रेघ-शून्य खरंच एका ठिकाणी सापडली! इंटरनेटवरून उचललेल्या तुकड्यात होती. पाचचा चारवर थांबवायची ओळ घातली.

३७२ दिवस आणि ८ दिवसांचा आठवडा ठेवला, त्यावर माझा जीव आहे. नावं मात्र बदलली, अर्धी घुबडताईंची जशीच्या तशी ढापली. खेळाडूंना सांगितलं की राणीने फर्मान काढून महिन्यांची नावं बदलली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सगळे एकमुखाने म्हणाले, बरं झालं. पुराणकथेबद्दल कुणीही विचारलं नाही.

मुदतीची पट्टी सुरू केली. पहिल्याच सेशनला चाळीस मिनिटं भांडण, विषय: शॉर्ट रेस्ट.

सगळ्यात मजा त्या अनडिफाइन्डची. आमच्या बार्डने (गवयाचं पात्र खेळणाऱ्याने) फ्लॅशबॅकमध्ये चॅटवर ते बघितलं होतं आणि त्याला वाटलं मी मुद्दाम ठेवलंय, त्या दिवसाला वारच नाही. त्याने त्याचं नावही पाडलं होतं, "अनवार". अनवारी जन्मलेल्या माणसाचं नशीब कुणी वाचू शकत नाही, असं त्याने त्याच्या गाण्यात घातलंय. मग मी काय करणार? पाच वर्षांतून येणाऱ्या त्या बिनवाराच्या दिवसाचं नाव आता अनवार. बार्डचा वाढदिवसही तोच.

थोरला चंद्रही सरकवला. तिघं एकत्र कधी येणार ते इथे लिहीत नाही, पण येणार.

सावळागोंधळ · त्याच दिवशी, रात्री

किती दिवस राहिले तेवढं तरी सांगा. पट्टी लावा धाग्यावर.

चौथी_पायरी · दोन दिवसांनी

नमस्कार, इथे नवीन आहे. शोधताना धागा सापडला. कंदीलवाला, मी तुझ्याच टेबलावरचा रेंजर.

आज तारीख काय हे मला सांगता येत नव्हतं, कारण महिने सगळे अ वरून होते. पण दिवस मी पहिल्या सेशनपासून मोजतोय, आणि चंद्रही. थोरला पूर्ण दिसला दिवस २११ ला, मग ३१२ ला, मग ४१३ ला. पुढची खेप ५१४ ला यायला हवी होती. गेल्या बुधवारी तू म्हणालास, "डोक्यावर थोरला पूर्ण आहे." माझ्या वहीत तो दिवस ५०५ आहे.

नऊ दिवस कुठे गेले?

कंदीलवाला · दहा मिनिटांनी

पोपने १५८२ मध्ये दहा गाळले. मी नऊच.

चौथी_पायरी · बारा मिनिटांनी

५०५ अधिक १०१, म्हणजे ६०६. धाकटाही त्याच रात्री पूर्ण आहे, मोजून बघितलं. मधल्याचं गणित चालू आहे, साडेसदतीस फार त्रास देतोय. बुधवारी दाराची किल्ली शोधायला लागू का?